रस्त्याचे पाणी पिणारी बाग

घरासमोरची बाग म्हटली की आपल्याला गुलाब-मोगरा आठवतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नावाचे शहर आहे. तिथे काही घरांसमोरच्या बागा रस्त्याचे पाणी पिण्यासाठी केल्या आहेत. त्यांची हकिकत वाचकांना सांगावीशी आम्हाला वाटते.

या शहरात क्रिस्टल लेक हे तळे आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावरची माती, तेल, कुजका पाला घेऊन गटाराच्या नळातून तळ्यात जाई. त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजे. २००३ मध्ये तळ्याजवळच्या एका वस्तीत रहिवाशांच्या संमतीने १७ वर्षाबागा झाल्या. शेजारची तशीच वस्ती तुलनेसाठी बागांविना ठेवली. मोजणी केली, तेव्हा बागांच्या वस्तीतून वाहून जाणारे पाणी सुमारे ९० टक्क्यांनी घटलेले आढळले.

वर्षाबाग म्हणजे वीतभर खोल, पसरट खळगा. रस्त्याच्या कडेचा कठडा थोडा कापून पाणी आत वळवतात. खाली वाळूमिश्रित माती आणि कंपोस्ट, वर खोल मुळांची झाडे. पाणी एक-दोन दिवसांत जिरते, त्यामुळे डासांची भीती नाही.

पण तिथे हिवाळ्यात जमीनच गोठते. मग पाणी जिरणार कसे? इथे मातीची निवड महत्त्वाची. चिकण माती ओली असताना गोठली की दगडासारखी होते. पाणी लवकर सोडणारी वाळूची माती गोठली तरी तिच्यात पोकळ्या राहतात आणि वितळलेले बर्फ त्यांतून झिरपते.

एका गोष्टीपुढे मात्र ही बागही हतबल आहे. ती म्हणजे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ. त्यातले क्लोराइड ना माती धरून ठेवते, ना मुळे. ते थेट भूजलात उतरते. चहाचा एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडे पाणी जलचरांना बाधेल इतके खारट करते.

आपल्यापैकी अनेकांची मुले, नातलग अशा थंड मुलुखांत राहतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू : आधी फावड्याने बर्फ काढा, मग गरजेपुरतेच मीठ टाका. उणे ९ अंशांखाली साधे मीठ फारसे काम करत नाही, तेव्हा घसरू नये म्हणून वाळू पसरा. उरलेले मीठ झाडून पुन्हा वापरा. बाग घाण गाळेल, मिठाचा हात आपणच आखडायचा आहे.