उच्च रक्तदाब : प्रथम लवणाचा हिशेब

उच्च रक्तदाबाचा रुग्ण समोर आला की आपले लक्ष प्रथम सर्पगंधेकडे वळते. ते स्वाभाविक आहे, मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचा रक्तदाबावरील परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. तथापि औषधयोजनेपूर्वी रुग्णाच्या पोटात रोज किती लवण जाते, हे पाहणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर निषिद्ध मानला आहे. दुधाबरोबरही लवण खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र इत्यादी देशांचा दाखला तेथे आहे. रत्नागिरीच्या आहाराकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खारवलेले बांगडे, खारातले गरे, लोणची, पापड आणि मीठ घातलेले कोकमाचे आगळ यांवर घराची भिस्त असते. ‘वरून मीठ घेत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या पोटातही या वाटेने लवण जातच असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते व दाब चढतो. सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असल्याने त्यास सूट देता येत नाही.

आता आपल्या औषधांच्या कपाटाकडे वळू. लवणभास्कर चूर्ण व शंखवटी यांत लवणे आहेत. स्वर्जिक्षारातही सोडियम आहे. यष्टीमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास पोटॅशियम घटून रक्तदाब वाढू शकतो. ही औषधे वारंवार नेणाऱ्या ग्राहकास रक्तदाबाविषयी विचारणे, हे औषधी दुकानदारांनी आपले कर्तव्य समजावे.

निदानात घाई नको. रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवून मोजलेला दाब निरनिराळ्या दिवशी १४०/९० वा त्याहून अधिक भरल्यासच तो उच्च मानावा. चालू असलेल्या आधुनिक गोळ्या अचानक बंद करू नयेत. त्यांच्या जोडीला सर्पगंधा दिल्यास दाब अवाजवी उतरू शकतो. विषादाचा पूर्वेतिहास असलेल्यांना ती देऊच नये. दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप वा वाचा अडखळणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी होय. केसपेपरावर नाडीच्या नोंदीशेजारी लवणाचीही नोंद असावी, अशी आमची विनंती आहे.