पॅक-अपआधी खोलीचा आवाज घ्या!

परवा कॉलेजच्या लघुपटाचं शूटिंग सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घरात होतं. शेवटचा शॉट ओके झाला, सगळे वायरी गुंडाळायला लागले. तेवढ्यात साउंड बघणारी ताई म्हणाली, "कुणी हलू नका, रूम टोन घ्यायचाय."

रूम टोन म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो, तो. फ्रिजची घरघर, लांबची रहदारी. पूर्ण शांत अशी खोली नसतेच.

एडिट करताना दोन संवादांमधला खोकला किंवा दिग्दर्शकाची सूचना कापली की तिथे निव्वळ शून्य उरतं. ते कानाला लगेच खटकतं, स्पीकर बंद पडला की काय असं वाटतं. तिथे त्याच खोलीचा टोन भरला की रफू केल्यासारखा जोड दिसेनासा होतो.

म्हणून तो त्याच जागी, त्याच माइकवर, सगळी माणसं आणि सामान तिथेच असताना घ्यायचा. माणसं, कपडे, गाद्या आवाज शोषतात. खोली रिकामी केली की टोन बदलतो. शॉटमध्ये पंखा बंद होता? मग आताही बंदच. ३० सेकंद ते एक मिनिट पुरतं.

जागेचा आवाज काय करतो ते 'लगान'मध्ये कळतं. हिंदी चित्रपटांत संवाद नंतर डब करण्याचीच पद्धत रूढ असताना त्याने (२००१) सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केलेला आवाज, वापरला. तो चित्रपट हेडफोन लावून बघाच. संवादांमागची मोकळी, उघड्या माळावरची हवा ऐकू येते. मला जागेचा आवाज जपण्याचं हे तंत्र कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मोबाइलवर फिल्म करताय? आवाजाबद्दल काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.