जमीन किती सरकली?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी येथे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. आपल्या बीड जिल्ह्यातही जमीन हादरली. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ती पहाट त्यांना आजही आठवत असेल.

किल्लारीचा भूकंप समुद्रापासून दूर, भूखंडाच्या आत झाला. जगातील सर्वांत मोठे भूकंप मात्र समुद्राच्या तळाशी होतात. पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. काही ठिकाणी एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकत असतो. दोघे एकमेकांत अडकले, की वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते.

हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची पट्टी बाकाच्या कडेवर घट्ट धरा. तिचे मोकळे टोक बोटाने हळूहळू दाबा. पट्टी वाकते. बोट सुटताच टोक झटकन वर उसळते. भूपट्टाची कडही शेकडो वर्षे अशीच वाकत राहते आणि एके दिवशी सुटते. तोच भूकंप!

हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. पक्क्या खडकावर जीपीएस यंत्र बसवतात. ते उपग्रहांचे संदेश घेते. त्यांवरून ती जागा वर्षभरात किती मिलिमीटर सरकली, हे कळते.

जपानमध्ये अशी हजाराहून अधिक यंत्रे आहेत. तेथील ओशिका द्वीपकल्प वर्षानुवर्षे हळूहळू पश्चिमेकडे सरकत होता. ११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत तो पूर्वेकडे ५ मीटरहून अधिक सरकला. शिवाय १ मीटरहून अधिक खचला! त्यानंतर तो पुन्हा हळूहळू वर येऊ लागला. म्हणून भूकंप थांबला, तरी मोजणी थांबवत नाहीत.

आपल्या देशातही असे घडले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे १ मीटर खचली. ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट तर ४ मीटरहून अधिक खाली गेले. तेथील दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. उलट, उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन उचलली गेली आणि पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडले. या बेटांवर काही ठिकाणी भूकंपापूर्वीच मोजणी झालेली होती. त्याच खुणांवर पुन्हा यंत्रे लावली, तेव्हा बेटे काही मीटर सरकल्याचे कळले. आधीची मोजणी नसती, तर नंतरचे आकडे कशाशी ताडून पाहिले असते?

आपले बीडही स्थिर नाही, बरे का! भारतीय भूपट्टाबरोबर ते दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. सारे एकत्र सरकतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.

भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे या मोजणीतून सांगता येत नाही. पण कोठे ताण साठत आहे, हे समजते. तेथे मजबूत घरे बांधता येतात आणि लोकांना आधीच सावध करता येते. म्हणून जमीन शांत असते, तेव्हाच मोजणी सुरू करावी लागते.

स्वाध्याय
१. मोठ्या भूकंपापूर्वी वरच्या भूपट्टाची कड का वाकते?
२. २००४ च्या भूकंपाने अंदमान-निकोबार बेटांवर कोणते बदल झाले?
३. भूकंपापूर्वीची मोजणी का महत्त्वाची आहे?