मुलांच्या केसांसाठी परसातले उपाय : काय वापरावे, काय टाळावे

हरमल-पेडणे भागात बहुतेक घरांच्या परसात दोन-चार माड आणि जास्वंदीचे एखादे झाड असतेच. तरीही मुलांचे वेगळे शाम्पू, वेगळे तेल, वर कंडिशनर असा खर्च दर महिन्याला होतो. लहान मुलांच्या केसांची गरज त्या मानाने फार थोडी असते. ती घरच्या घरी, अल्प खर्चात भागते. मात्र घरगुती म्हणजे निर्धोक, असे समजू नये.

खोबरेल : १ किलो चांगल्या सुक्या खोबऱ्यातून घाण्यावर साधारण ६०० ग्रॅम तेल निघते. खोबरे पुरते वाळलेले हवे, नाहीतर तेल लवकर खवट होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना झाली होती. केसांतील प्रथिनांची झीज कमी केली ती फक्त खोबरेलने, कारण ते केसाच्या आत मुरते. म्हणून न्हाण्यापूर्वी तासभर चमचाभर तेल लावले तरी पुरे. थापून लावल्याने केस वाढत नाहीत, उशा मात्र खराब होतात. समुद्रात डुंबायला जाण्यापूर्वीही थोडे तेल लावावे आणि आल्यावर आधी गोड्या पाण्याने केस धुवावेत.

जास्वंदीचे पाणी : जास्वंदीची १५-२० ताजी पाने धुऊन कपभर पाण्यात हाताने चुरडावीत व फडक्यातून गाळावे. बुळबुळीत पाणी निघते. ते केसांना लावून दहा मिनिटांनी धुवावे. गुंता सहज सुटतो, वेगळे कंडिशनर लागत नाही. हे पाणी त्याच दिवशी संपवावे, साठवू नये.

शिकेकाई : मोठा चमचाभर पूड दोन पेले पाण्यात उकळून निवू द्यावी व पातळ फडक्यातून दोनदा गाळावी. फेस कमी आला तरी मळ निघतो. रिठ्याचा फेस भरपूर, पण डोळ्यांत गेला तर हरमलच्या मिरचीसारखा झोंबतो. म्हणून लहान मुलांना रिठा नकोच. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस वाट पाहावी.

उवा : शाळा सुरू झाली की ही तक्रार येतेच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, उवा स्वच्छ केसांतही होतात. केस ओले करून भरपूर खोबरेल लावावे आणि बारीक दातांच्या फणीने बट-बट विंचरावे. फणी दर वेळी पांढऱ्या कापडाला पुसावी. लिखांतून पिल्ले बाहेर यायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणून एकदा विंचरून भागत नाही, दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे हे करावे. घरातल्या सर्वांची डोकी त्याच दिवशी तपासावीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. उवांसाठी किंवा कोंड्यासाठी खोबरेलात कापूर घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कापूर कातडीतून अंगात शिरतो आणि पोटात गेला तर अगदी थोडाही लहान मुलांना पुरतो. त्याने आकडी येऊ शकते. तान्ह्या व लहान मुलांच्या तेलात तो मुळीच घालू नये, कापराच्या वड्याही हाती लागू देऊ नयेत. रॉकेल आणि कीटकनाशक तर डोक्याजवळही नेऊ नये.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर खपली धरली असेल तर थोडे खोबरेल लावून ती मऊ होऊ द्यावी, नंतर मऊ ब्रशने हलकेच काढावी. नखाने खरवडू नये. डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर तो बहुधा नायटा असतो. त्याला पोटातून औषध घ्यावे लागते, तेलाने तो जात नाही. अशा वेळी डॉक्टरांची फी वाचवण्यात काटकसर नाही.