युद्धावरचं नृत्य अभ्यासायचं कसं?

‘या नृत्यातून युद्धाची भीषणता आणि माणसाची काळी बाजू दिसते.’ संशोधन-प्रस्तावात असं वाक्य लिहिलं की मार्गदर्शक हमखास विचारतात, ‘दिसते म्हणजे नेमकी कुठे?’ याचं उत्तर कसं शोधायचं, ते आज एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण आहे ‘द ग्रीन टेबल’. जर्मन नृत्यरचनाकार कुर्ट योस यांची ही आठ प्रवेशांची, सुमारे अर्ध्या तासाची रचना जुलै १९३२ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा सादर झाली. पुढे तिचं चित्रीकरणही झालं.

पहिली पायरी, फक्त वर्णन. अर्थ लावायची घाई नको. हिरव्या टेबलाभोवती मुखवटे घातलेले, काळ्या कोटांतले गृहस्थ वाद घालतायत. अदबीने वाकतात, हातवारे करतात आणि शेवटी पिस्तुलं झाडतात. मग युद्ध. ‘मृत्यू’ हे पात्र एकेकाला घेऊन जातं. अखेरीस पुन्हा तेच टेबल आणि तेच गृहस्थ.

दुसरी पायरी, काय बदलतं आणि काय तसंच राहतं ते नोंदवा. मृत्यू प्रत्येकाशी वेगळा वागतो. एरवी यंत्रासारखी पावलं आपटणारा तो म्हाताऱ्या आईला मात्र हळुवारपणे नेतो. टेबलाभोवतीच्या गृहस्थांना तो शिवतही नाही! इथे आपलं विधान तयार होतं: या रचनेतली काळी बाजू रणांगणापेक्षा टेबलावरच्या शिष्टाचारात जास्त आहे. हे विधान कुणी खोडूनही काढू शकेल, म्हणूनच ते संशोधनाच्या कामाचं.

तिसरी पायरी, संदर्भ, पण तारखा तपासून. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकायला योस यांनी नकार दिला आणि १९३३ मध्ये जर्मनी सोडली. त्यामुळे ही रचना म्हणजे हिटलरच्या राजवटीला दिलेलं उत्तर, असं लिहायचा मोह होतो. पण हिटलर चॅन्सेलर झाला जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे रचनेनंतर. नंतरची घटना आधीच्या कृतीचं कारण कशी ठरेल?

आणखी एक गोष्ट. चित्रीकरण पाहताना आपण कॅमेऱ्याची निवडही पाहत असतो. चेहरा जवळून दाखवला की बाकीचा रंगमंच चौकटीबाहेर जातो. प्रबंधात कोणतं चित्रीकरण पाहिलं, ते नोंदवाच.

आता तुमच्या विषयातलं एक नृत्य घ्या. ‘युद्ध’ हा शब्द न वापरता त्यावर दहा ओळी लिहून पाहा.