वजन ग्रॅमचं, हिशेब नगांचा

अकरावी सायन्सच्या नव्या तुकडीला मी सुरुवातीलाच एक गणित घालते. दहा ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जाळायचा तर ऑक्सिजन किती ग्रॅम लागेल? समीकरण सगळ्यांना पाठ असतं. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, त्यातून पाण्याचे दोन. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं, पाच ग्रॅम. दोनास एक, मग दहाला पाच. खरं उत्तर ८० ग्रॅम आहे.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. समीकरणातले आकडे नग सांगतात आणि काटा ग्रॅम दाखवतो, हे त्यांना कुणी थांबून सांगितलेलंच नसतं. ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनच्या एका रेणूच्या सोळापट जड, म्हणून नगांत दोनास एक असलेलं प्रमाण वजनात एकास आठ होतं. नववीत मोल येऊन गेलेला असतो, पण व्याख्येपुरता. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर तर अकरावीत इंग्रजी आणि मोल एकदमच कोसळतात. त्यांना वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून हे कळत नाही. तसं नसतं, आणि हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं.

म्हणून फळ्यावर ॲव्होगॅड्रोचा आकडा लिहिण्याआधी मी टेबलावर नट-बोल्ट ओतते. हार्डवेअरच्या दुकानात ढिगाने घ्यायचे तर ते मोजत नाहीत, जोखून देतात. समजा, बोल्ट २० ग्रॅमचा, नट ५ ग्रॅमचा, आणि एका बोल्टला दोन नट लावायचे आहेत. दोन किलो बोल्टना नट किती किलो? मुलं न सांगता आधी नग काढतात. १०० बोल्ट, म्हणून २०० नट, म्हणजे एक किलो. मग विचारते, एक किलो बोल्ट आणि एक किलो नट दिले तर? बोल्ट ५०, नट २००. जोड ५०च होणार, १०० नट उरणार. वजन सारखं असून बोल्ट आधी संपले. वजनावरून नग, या नगांवरून त्या जोडीदाराचे नग, आणि त्यावरून पुन्हा वजन, एवढीच स्टॉइकिओमेट्रीची वाट आहे. अणुरेणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून त्यांचा एक ठरावीक गठ्ठा धरायचा, तो मोल. २० मे २०१९ पासून त्या गठ्ठ्यातल्या नगांची संख्या नेमकी ठरवून टाकली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. त्याआधी व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर बेतलेली होती. हा आकडा मी सगळ्यांत शेवटी सांगते, कारण आधी सांगितला की मुलं त्याच्या शून्यांतच अडकतात.

बऱ्याच ठिकाणी मात्र मोल बाजूला ठेवून त्रैराशिकच शिकवतात. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यापासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, तर २१ ग्रॅमपासून किती? अकरा. उत्तर बरोबर, मार्क पक्के. ही रीत खोटी नाही, जुनी आहे. १७९२ मध्ये येरेमियास रिश्टर या जर्मन रसायनज्ञाने स्टॉइकिओमेट्री हे नाव पुढे आणलं, तेव्हा डाल्टनचा अणुसिद्धांत यायचा होता. किती आम्लाला किती अल्कली पुरते, याची वजनंच तो मांडत होता. पण दोन्ही पदार्थांची वजनं दिली की त्रैराशिक मुकं होतं. मांडायचं कुणाचं? आधी कोण संपणार हे नग काढल्याशिवाय कळत नाही. माझा त्रैराशिकाला विरोध आहे तो इथे. सोप्या गणितात ते मुलांना विचार करण्यापासून वाचवतं आणि अवघड गणितात एकटं सोडून जातं.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून तीन बाटल्या घेते. प्रत्येकीत ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ७५ मिलिलिटर, म्हणजे ३ ग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजेच ०.०५ मोल. तीन फुग्यांत खाण्याचा सोडा भरायचा, २.१, ४.२ आणि ८.४ ग्रॅम. सोडा आणि आम्ल एकास एक लागतात, तेव्हा पहिल्या फुग्यात निम्मा सोडा, दुसऱ्यात बरोबरीचा, तिसऱ्यात दुप्पट. फुगे बाटल्यांच्या तोंडांवर चढवायचे, पण उचलायचे नाहीत. कुठला किती फुगेल ते आधी वहीत लिहायचं. बहुतेक जण तिसरा सर्वांत मोठा असं लिहितात. मग फुगे उभे केले की सोडा खाली पडतो, फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत चढतो आणि दुसरा व तिसरा फुगा सारखेच फुगून थांबतात, साधारण सव्वा लिटरला. पहिला त्याच्या निम्मा.

खरा धडा यानंतर आहे. पहिल्या बाटलीतलं द्रावण चिमूटभर सोड्यावर ओतलं की फसफसतं, कारण तिथे आम्ल उरलंय. तिसऱ्या बाटलीतलं ताज्या व्हिनेगरमध्ये ओतलं तरी फसफसतं, तिथे सोडा उरलाय. मधल्या बाटलीतलं दोन्हीकडे जवळजवळ गप्प. लिमिटिंग रिएजंट म्हणजे काय, ते यापुढे कुणाला पाठ करावं लागत नाही.

मग घरातला सिलिंडर. त्यात १४.२ किलो गॅस, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. तो सगळा ब्युटेन धरून हिशेब केला तर ब्युटेनचे दोन मोल ऑक्सिजनचे तेरा मोल घेतात आणि कार्बन डायऑक्साइडचे आठ देतात. सिलिंडर संपेपर्यंत जवळपास ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १४ किलोतून ४३ किलो कसे, असं मुलं विचारतातच. वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. फुकट मिळतो म्हणून तो आपण हिशेबात धरत नाही.

न धरण्याची किंमत मोजावी लागते ती बंद बाथरूममधल्या गॅस गिझरपाशी. ऑक्सिजन कमी पडला की काही कार्बनला दोनाऐवजी ऑक्सिजनचा एकच अणू मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो. साडेसात घनमीटरच्या बाथरूममध्ये ऑक्सिजन साधारण ६३ मोल. तो सगळा संपवायला साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो, सिलिंडरचा पंचविसावा भाग. ज्योत बिघडायला तर त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. परीक्षेच्या पॅटर्नमध्ये हे गणित बसत नाही. तरी ज्यांच्या घरी गिझर आहे त्यांना मी बाथरूमची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून आणायला सांगते, आणि खिडकी कुठे आहे, उघडी असते का, तेही वहीत लिहायला लावते.