एकदाच बसणारी गाठ

मराठी घरात लग्न ठरलं की पहिली धावपळ बस्त्याची. बस्ता ‘बांधायचा’ असतो, आणि या क्रियापदाला एके काळी शब्दशः अर्थ होता. दुकानदार गादीवर शालू-साड्या उलगडायचा, पसंत पडलेले नग बाजूला रचायचा आणि शेवटी सगळं मोठ्या फडक्यात घालून वर गाठ मारून द्यायचा. कांजीवरमच्या ओढीने थेट चेन्नईला जाऊन बस्ता बांधणारी मराठी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. मांबलम स्टेशनवर उतरायचं, रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत शिरायचं किंवा ती टाळून 2023 साली सुरू झालेल्या 570 मीटर लांबीच्या पादचारी पुलाने टी. नगरच्या बस स्थानकाकडे निघायचं. पुढे उस्मान रोड, पानगल पार्क आणि साड्यांची मजल्यावर मजले चढवलेली दुकानं.

यातल्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या दारात आधीच्या खरेदीच्या पिशव्या घेऊन गेलं की सिक्युरिटीवाला हात पुढे करतो. ‘अम्मा, पै!’ पै म्हणजे पिशवी. तो पिशवीचे दोन्ही बंद एका मुठीत धरतो, दुसऱ्या हाताने खिशातली प्लास्टिकची पांढरी पट्टी काढतो, तिचं निमुळतं टोक तिच्याच डोक्यातल्या चौकोनी भोकात खुपसतो आणि ओढतो. टर्रर्र असा आवाज येतो आणि पिशवी बंद. दोन-तीन सेकंदांचं काम. तमिळ येत नसलं तरी काही अडत नाही, कारण गाठ कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळते.

हीच ती केबल टाय. इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभराच्या पुडक्यात मिळणारी, कुणाच्या नजरेत न भरणारी वस्तू.

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. मद्रासमधला जुना लाँग टँक नावाचा तलाव बुजवून 1920च्या दशकात ही वस्ती आखली गेली. जस्टिस पक्षाचे पुढारी पी. त्यागराय चेट्टी यांचं नाव तिला मिळालं आणि मधल्या बागेला पानगलच्या राजांचं. नल्लीसारखी साड्यांची पेढी इथे 1928पासून आहे. दिवाळी आणि पोंगलच्या आधी इथल्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा गर्दीत प्रत्येकाच्या हातात चार पिशव्या, आणि आतला माल कोणता आपल्याकडचा व कोणता शेजारच्या दुकानातला हे ओळखायची जबाबदारी दारातल्या एका माणसावर. पट्टी त्या गरजेतून आली.

पट्टीचं सगळं कसब तिच्या डोक्यात आहे. वाटाण्याएवढ्या त्या पेटीच्या आत एक तिरपी जीभ असते. पट्टीच्या एका अंगावर करवतीसारखे दात असतात. पट्टी पुढे सरकते तेव्हा प्रत्येक दात जिभेला उचलतो आणि जीभ पुढच्या खाचेत पडते. टर्रर्र हा आवाज त्या पडण्याचा. घड्याळाला चावी देताना ऐकू येते तीच ही कटकट, फक्त चाक उलगडून सरळ केलेलं. पट्टी मागे ओढली की जीभ दातात आणखी रुतते. म्हणजे सोडवण्यासाठी लावलेला जोर गाठ पक्की करण्याच्या कामी येतो. अडीच मिलिमीटर रुंदीची साधी पट्टी साधारण आठ किलोचा ताण सोसते आणि 4.8 मिलिमीटरची बावीसच्या आसपास. वजन मात्र लहान पट्टीचं अर्ध्या ग्रॅमहून कमी. स्क्रू, स्प्रिंग, जोड असं काहीच नसताना एका ओतीव तुकड्याने इतकं काम करावं, ही रचना हातात घेऊन बघावी अशीच आहे.

तिचा जन्म मात्र पिशवीसाठी झालेला नाही. 1956 साली थॉमस अँड बेट्स या अमेरिकी कंपनीतले मॉरस लोगन बोईंगच्या विमान कारखान्यात गेले होते. विमानातल्या वायरींचे हजारो फूट लांबीचे जुडगे तिथले कामगार मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने हाताने बांधत. गाठ आवळताना दोरा बोटांत रुतायचा, हातांना घट्टे पडायचे. लोगन यांनी ते पाहिलं आणि दोन वर्षं खपून, 1958 साली, ‘टाय-रॅप’च्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या पट्टीत जीभ पोलादाची होती. सबंध नायलॉनची पट्टी नंतर आली. कामगाराच्या बोटांची कीव आली म्हणून जन्मलेली ही वस्तू आहे, हे टी. नगरच्या दारात दिवसभर पट्ट्या ओढणाऱ्या माणसाकडे पाहताना आठवत राहतं. त्याच्याही तर्जनीला पट्टीच्या दातेरी कडेचाच काच होतो.

आता नायलॉनची गोष्ट, कारण या पट्टीचा खरा स्वभाव तिथे आहे. बहुतेक चांगल्या पट्ट्या नायलॉन 6,6 या प्रकारापासून होतात. वितळल्यावर तो पातळ होतो आणि साच्यातल्या लांबलचक, मिलिमीटरभर जाडीच्या खाचेतून टोकापर्यंत धावतो. दुसरं एखादं घट्ट वाहणारं प्लास्टिक अर्ध्या वाटेत थिजेल. साच्यात घालण्याआधी नायलॉनचे दाणे कडक वाळवावे लागतात. पाण्याचा अंश 0.2 टक्क्यांच्या वर राहिला तर 260 अंशांहून जास्त तापलेल्या रसात वाफ होते, पट्टीवर चंदेरी चट्टे उठतात आणि माल ठिसूळ निघतो. पण साच्यातून बाहेर पडलेली कोरडी पट्टीही तशीच वापरता येत नाही, वाकवताच तुटते. म्हणून तिला पुन्हा पाणी पाजतात. तयार पट्ट्या ओलाव्यात मुरवतात, कित्येकदा पुडक्यातच थोडं पाणी घालून तोंड सील करतात. काही दिवसांत नायलॉन आपल्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊन घेतो आणि लवचीक होतो. आधी वाळवायचं आणि मग ओलवायचं, हे पापड-कुरडयांच्या घरात वाढलेल्या माणसाला लगेच पटावं.

म्हणूनच पट्टीला हवा कळते. समुद्राकाठच्या दमट चेन्नईत उघडं पडलेलं पुडकं महिनोन्‌महिने मऊ राहतं. तेच पुडकं मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या झळांत उघडं ठेवलं तर काही पट्ट्या ओढतानाच कडकन मोडतात. मोडली की ‘माल डुप्लिकेट आहे’ असं म्हणतात. पुष्कळदा मालात दोष नसतो, तो फक्त तहानलेला असतो. अनुभवी वायरमन अशी पुडकी थोडा वेळ पाण्यात घालून मग वापरतात. उन्हात राहणाऱ्या पट्ट्या काळ्या का, याचंही उत्तर साधं आहे. त्यात मिसळलेली काजळी ऊन अडवते. पांढरी पट्टी गच्चीवर वर्षा-दोन वर्षांत पिठूळ होऊन गळून पडते.

पिशवी बांधणं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे पिशवीवर काहीतरी सांगणं. मराठी मुलुखाला हे काम नवीन नाही. पत्रावर लाख ओतून शिक्का उठवला की तो लाखोटा. मजकूर संपल्याची खूण म्हणून खाली मोर्तब, म्हणजे त्यापुढे कुणी अक्षर घुसडायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात आणि ‘रुमाल’ हेच तिथलं मोजण्याचं माप आहे. तंजावरच्या मराठा राज्याचे मोडी कागद आजही तमिळनाडूतच आहेत. गाठ आणि तिच्यावरची ओळख एकत्र असावी, ही त्या दफ्तरदारांची शहाणीव प्लास्टिकवाल्यांना पुन्हा शोधावी लागली.

त्यांनी ती बऱ्याच तऱ्हांनी शोधली. अमेरिकेत फ्लॉइड पॅक्स्टन यांनी 1950च्या दशकात सफरचंदांच्या पिशव्यांसाठी खाच असलेला चपटा प्लास्टिकचा तुकडा काढला. पुढे तो पावाच्या पिशवीवर गेला आणि त्याच्यावर तारीख व किंमत छापली जाऊ लागली. केबल टायच्या घराण्यात डोक्याशी छोटी पाटी असलेली पट्टी आली, तिच्यावर पेनाने लिहिता येतं. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांवर 2016च्या नियमांप्रमाणे बारकोड लागतो आणि पिशवीचा गळा आवळून बांधावा लागतो. कुरिअर, रोकड आणि मालवाहतुकीसाठी निघालेल्या सीलवर तर प्रत्येक पट्टीचा आकडा वेगळा. आकडा वहीत लिहिला जातो आणि पोचल्यावर पडताळला जातो.

सीलच्या रचनेत एक बारीक हुशारी आहे. साध्या पट्टीच्या डोक्यात पातळ पत्र्याची कापटी सरकवली तर जीभ उचलली जाते आणि पट्टी खूण न ठेवता सुटते. म्हणून सीलमध्ये जीभ चारी बाजूंनी झाकलेली असते, कधी धातूची असते. उलट, ज्याने उघडायचं त्याच्यासाठी एका ठिकाणी मुद्दाम अशक्त केलेली कड ठेवलेली असते. हाताने ओढलं की तिथेच फाटते, कात्री लागत नाही. चोराला अवघड आणि मालकाला सोपं, असं दोन्ही एका तुकड्यात साधायचं. हे ज्याला जमलं तो कारागीर.

टी. नगरच्या दारातल्या पट्टीत यातलं काहीच नसतं, आणि इथे कौतुक थांबतं. तिच्यावर आकडा नाही, नाव नाही, लिहायला पाटी नाही. चेनच्या पिशवीची दोन्ही बोंडं तिने एकत्र बांधली तरी नायलॉनच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की चेन मधूनच उकलते आणि बोंडं ओढून पुन्हा मिटते. कापडी पिशवीचे बंद बांधले तरी बाजूने हात जातो. ही पट्टी चोरी रोखत नाही. ती ग्राहकाला आणि दुकानाला एकमेकांसमोर साक्ष देते, की ही पिशवी आत येताना बंद होती. साक्षीपुरतं काम असेल तर त्याला आठ किलो ताण सोसणारं, हाताने न सुटणारं नायलॉन कशाला हवं?

हे ‘हाताने न सुटणारं’ फार छळतं. बांधणारा माणूस दारात असतो, सोडवणारा कुठेच नसतो. बाहेर पडताना बिलावर भोक पाडतात आणि पिशवी तशीच हातात राहते. मग आजी रिक्षात बसून दाताने पट्टी तोडू बघतात. कुणी चावी घालतं. शेवटी पिशवीचा बंदच फाटतो. हॉटेलवर जाऊन भाजी चिरायच्या सुरीने कापली तर धोका शेपटीच्या तुकड्यात राहतो, कारण तिरपं कापलेलं नायलॉनचं टोक ब्लेडसारखं धारदार असतं. शालूच्या जरीत ते अडकलं तर धागा ओढला गेलाच. विमान दुरुस्तीच्या कारखान्यात पट्टीची शेपूट डोक्याशी सपाट कापायचा दंडक आहे तो यासाठीच. दुकानाच्या दारात ती लोंबती सोडून देतात.

आणि कापल्यावर ती जाते कुठे? नायलॉन वितळवून पुन्हा वापरता येतं, पण अर्ध्या ग्रॅमचा तुकडा उचलायला कुठलाही कचरावेचक वाकत नाही. हजार तुकडे जमवले तरी किलो भरत नाही. गटारात, झाडाच्या आळ्यात, नाहीतर पेरुंगुडी आणि कोडुंगैयूरच्या कचऱ्याच्या डोंगरांवर त्याचा शेवट होतो.

तमिळनाडूने हा प्रश्न मनावर घेतलेला आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या 14 प्रकारांवर तिथे 1 जानेवारी 2019पासून बंदी आहे. महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च 2018मध्ये काढली होती. डिसेंबर 2021मध्ये तमिळनाडू सरकारने ‘मीण्डुम मंजप्पै’ ही मोहीम सुरू केली. मंजप्पै म्हणजे लग्नात तांबूल घालून देतात ती पिवळी कापडी पिशवी. लोकांनी ती पुन्हा हाती धरावी हा हेतू. कोयंबेडूच्या बाजारात दहा रुपये टाकले की अशी पिशवी देणारं यंत्रही बसवलं. लोकांनी ऐकलं. बाई पिवळी सुती पिशवी घेऊन टी. नगरला येते, आणि दारात तिच्या सुती बंदांना नायलॉनची पट्टी आवळली जाते. केंद्र सरकारने 1 जुलै 2022पासून बंद केलेल्या वस्तूंच्या यादीत कानकोरण्याची काडी आहे, फुग्याची काडी आहे, मिठाईच्या खोक्यावरचं वेष्टन आहे. ही पट्टी त्यात नाही.

पर्याय शोधायला प्रयोगशाळा नको. जुन्या पद्धतीचं सामानघर आणि पितळी बिल्ला अजून कितीतरी दुकानांत चालतो. सुतळीच्या गाठीवर दुकानाचा शिक्का मारलेला कागद चिकटवला तर साक्ष तेवढीच पक्की होते आणि घरी जाऊन नखाने सुटते. पट्टीच हवी असेल तर जीभ दाबून सोडता येणाऱ्या, पुन्हा वापरायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्या निघताना काढून घेता येतात. आणि अशी सक्ती उठवताही येते: विमानतळांवर हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारायची सक्ती कित्येक वर्षं अटळ वाटायची. 1 एप्रिल 2017पासून मुंबई-दिल्लीसह सात विमानतळांवर ती उठली आणि विमानं उडत राहिली.

तोवर दुकानदारांनी एवढं तरी करावं. जिथे बिलाला भोक पाडतात त्या टेबलावर सपाट कापणारी एक पक्कड आणि एक डबा ठेवावा. ग्राहकानेही पिशवी पुढे करून पट्टी तिथेच कापून मागावी. डबा भरला की त्यात एकाच जातीचं स्वच्छ नायलॉन किलोने जमा झालेलं असेल, आणि किलोने जमलेलं नायलॉन भंगारवाला विकत घेतो.